ट्रकच्या चाकात मणी की वजने?

ट्रकच्या टायरमध्ये काच किंवा सिरॅमिकचे बारीक मणी ओतावेत, म्हणजे रिमवर वजने ठोकण्याची कटकट कायमची मिटते, असा दावा अमेरिका-कॅनडात बरीच वर्षे केला जातो आणि आता तो भारतीय वाहतूकदारांच्याही कानावर येऊ लागला आहे. दाव्यामागचा तर्क असा : मणी सुटे असतात, चाक वेगाने फिरू लागले की ते टायरच्या आतल्या अंगाला चिकटून पसरतात आणि जड भागाच्या बरोबर समोर गोळा होऊन तोल साधतात. टायर झिजून तोल बदलला तरी मणी आपली जागा बदलून घेतात. वजन मात्र जिथे ठोकले तिथेच राहते, नाहीतर एखाद्या खड्ड्यात गळून पडते.

या म्हणण्यातला खरा भाग आधी मान्य केला पाहिजे. वजने गळतात. झिजेबरोबर तोल बदलतो, आणि एकदा बॅलन्स केलेले चाक टायर संपेपर्यंत पुन्हा मशीनवर चढत नाही, हा बहुतेक ट्रकांचा अनुभव आहे. मणी रिमवर नसून टायरच्या बाहेरच्या घेराजवळ असतात, त्यामुळे तेवढाच तोल साधायला जवळजवळ निम्मे वजन पुरते, हा हिशेबही चुकीचा नाही. शिसे विषारी, म्हणून शिशाच्या वजनांवर घेतला जाणारा आक्षेपही योग्य आहे. युरोपीय संघाने मोटारींसाठी ती २००५ पासून बंद केली आणि कॅलिफोर्नियाने २०१० पासून. मात्र शिशाला जस्ताचा आणि पोलादाचा पर्याय केव्हाच मिळालेला आहे. त्यासाठी मणीच हवेत असे नाही.

खरा प्रश्न एकच आहे : मणी जड भागाच्या समोर जातील कशावरून? सुटे वजन स्वतःहून तोल साधते, हे तत्त्व खोटे नाही. अमेरिकेत ई. एल. थर्ल यांनी १९३२ मध्ये सुट्या गोळ्यांनी फिरत्या यंत्राचा तोल साधण्याची रीत मांडली. आजच्या अनेक वॉशिंग मशीनच्या ड्रमवरचे द्रवाचे किंवा गोळ्यांचे कडे त्याच तत्त्वावर चालते. पण या तत्त्वाला एक अट आहे. फिरणाऱ्या वस्तूचा वेग तिच्या आधाराच्या स्वाभाविक कंपनापेक्षा जास्त असला पाहिजे. तसा तो असेल तर जड बाजू आत राहते आणि सुटे वजन समोर सरकते. वेग कमी असेल तर जड बाजू बाहेर फेकली जाते आणि सुटे वजनही तिच्याच दिशेने ओढले जाते. तोल सुधारण्याऐवजी बिघडतो. वॉशिंग मशीनचा ड्रम मऊ स्प्रिंगांवर टांगलेला असतो, म्हणून कपडे पिळताना ही अट सहज पुरी होते.

ट्रकचे चाक तसे टांगलेले नसते. ते कडक फुगवलेल्या टायरवर आणि स्प्रिंगच्या जाड पाट्यांवर उभे असते. लोड गाडीच्या आसाचा चाकांसकट वरखाली होण्याचा स्वाभाविक कंप सेकंदाला दहाच्या आसपास असतो. १०.००-२० मापाच्या टायरची त्रिज्या साधारण अर्धा मीटर. ताशी ८० किलोमीटरला असे चाक सेकंदाला सुमारे ७ फेरे घेते. १० फेऱ्यांसाठी ताशी ११३ किलोमीटरचा वेग लागेल. भारतात मालवाहू ट्रकांना वेगनियंत्रक ८० वर बांधलेला असतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा असली तरी ट्रकची मर्यादा ८० हीच आहे. म्हणजे मण्यांना ज्या वेगाची गरज आहे, तो भारतीय ट्रकला कायद्यानेच गाठता येत नाही. अमेरिकेतले ट्रक ताशी १०५-११० ने धावतात. तेही या सीमेच्या फार तर जवळ पोहोचतात, आणि तिथला अनुभव इथल्या गाडीला जसाच्या तसा लावणे चूक आहे.

दुसरी अडचण घर्षणाची. ताशी ८० ला टायरच्या आतल्या अंगावरचा मणी स्वतःच्या वजनाच्या सुमारे शंभरपट जोराने रबराला दाबलेला असतो. चाकाच्या थरथरीने त्याला बाजूला सरकवायचे, तर ती थरथर या दाबाला पुरून उरली पाहिजे. त्यातच टायर जमिनीला टेकतो तिथे तो सपाट होतो, मणी क्षणभर सैल पडतो आणि पुन्हा फेकला जातो. हे सेकंदाला सातदा घडते. अशा धक्क्यांत मणी एका जागी टिकून तोल साधतील, हे गृहीत धरता येत नाही.

मग मणी टाकल्यावर स्टिअरिंगची थरथर गेली असे ड्रायव्हर सांगतात, ते खोटे का? तसे नाही. मणी बहुधा नवा टायर चढवताना टाकले जातात. त्याच वेळी चाक उतरते, रिम साफ होते, टायर नीट बसतो, हवा बरोबर भरली जाते, हबचे नट नव्याने आवळले जातात. थरथर यातल्या कशानेही जाऊ शकते. श्रेय मात्र मण्यांना मिळते.

गॅरेजमधली बाजूही पाहायला हवी. लखनौला कानपूर रस्त्यावर ट्रान्सपोर्ट नगर आहे. अशा कुठल्याही ट्रक अड्ड्यावर ट्यूब, फ्लॅप आणि रिंगवाली चाके अजून भरपूर दिसतात. मणी ट्यूबच्या बाहेर टाकले तर टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये घासून ट्यूबच खातील. ट्यूबलेस टायरमध्येही व्हॉल्व्हमध्ये मणी अडकून हवा हळूहळू उतरते, त्यासाठी जाळीचा व्हॉल्व्ह लागतो. रस्त्याकडेच्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असते. ओले मणी गोळा होऊन एका जागी चिकटले, की मुद्दाम बिघडवलेला तोल तयार. आणि पंक्चरवाल्याने टायर उघडला की मणी मातीत.

वजनांची बाजू बळकट आहे ती मोजमापामुळे. मशीन असंतुलन ग्रॅममध्ये दाखवते, जागा दाखवते आणि वजन लावल्यावर पुन्हा तपासता येते. हिशेब साधा आहे : टायरच्या घेरावर २०० ग्रॅम जास्त असतील, तर ताशी ८० ला ते सुमारे २० किलोंचा झटका दर फेऱ्याला देतात, ताशी ४० ला हाच झटका पाच किलोंचा. त्यातूनही महत्त्वाचे म्हणजे मशीनवर फिरताना वाकडी रिम आणि टायरचा लंबगोलपणा डोळ्यांना दिसतो. थरथरीचे कारण बरेचदा तिथेच असते, किंवा ढिल्या किंगपिनमध्ये, झिजलेल्या बेअरिंगमध्ये, मेलेल्या शॉक ॲब्झॉर्बरमध्ये. मणी यातले काहीच दाखवत नाहीत.

मणीवाल्यांचा एक आक्षेप रास्त आहे. बॅलन्सिंग मशीनवर आस जखडलेला असतो, म्हणून मण्यांची परीक्षा तिथे होत नाही. ती रस्त्यावर झाली पाहिजे, आणि तिची पद्धत लखनौच्या मानक नगरात तयार आहे. १९५७ पासून तिथे असलेली आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन संस्था कुठल्याही नव्या डब्याला रिकामा आणि भरलेला, वाढत्या वेगाने पळवते आणि त्याची आंदोलने उपकरणांनी टिपते. २०१८ च्या अखेरीस वंदे भारत गाडीची ताशी १८० किलोमीटरपर्यंतची चाचणी कोटा विभागात झाली ती याच रीतीने. ड्रायव्हरला गाडी मऊ वाटली की नाही, एवढ्यावर तिथे काम भागत नाही. ट्रकसाठी पुण्यातली एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, इंदूरजवळ पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणीमार्ग आहे. एकच चाक, तोच ट्रक, आधी मण्यांशिवाय, मग मण्यांसह, मग वजनांसह, ताशी ६० आणि ८० ला, रिकामा आणि लोड, आसावर कंपमापक. खर्च फार नाही.

मणी विकणाऱ्याने अशा चाचणीचा आलेख दाखवावा. तो नसेल तर वाहतूकदाराने तेच पैसे पुढच्या दोन चाकांच्या मशीन बॅलन्सिंगवर घालावेत, आणि टायरची अदलाबदल करताना ते पुन्हा करून घ्यावे.