नाकारलेली मानवंदना : ॲडम गुड्सचा निरोप

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल या खेळात निवृत्त होणाऱ्या खेळाडूला निरोप देण्याच्या काही ठरलेल्या रीती आहेत. या धाग्यात आधी त्या रीती सांगतो आणि मग त्या सगळ्या टाळून निघून गेलेल्या एका खेळाडूविषयी लिहितो. ॲडम गुड्स हे त्याचे नाव. त्याने मानवंदना नाकारली हे योग्यच केले, असे माझे ठाम मत आहे. ते पटवून देण्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल, तेव्हा धागा लांबला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाही. १८५८ साली मेलबर्नमध्ये टॉम विल्स या क्रिकेटपटूने वर्तमानपत्राला पत्र लिहून सुचवले की, हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे शरीर सुस्तावू नये म्हणून एखादा फुटबॉल संघ काढावा. पुढच्याच वर्षी खेळाचे पहिले नियम लेखी झाले. आजही हा खेळ क्रिकेटच्याच विस्तीर्ण लंबगोल मैदानांवर खेळला जातो. प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू असतात, चेंडूही लंबगोल असतो आणि दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब असतात. मधल्या दोन खांबांमधून चेंडू लाथेने पार केला की सहा गुण मिळतात. लोक त्याला लाडाने ‘फूटी’ म्हणतात, आणि मेलबर्नमध्ये घराण्याचा क्लब कोणता हे कुळाचारासारखे पिढ्यान्‌पिढ्या चालत येते.

आता निरोपाच्या रीती. प्रत्येक क्लबच्या निष्ठावंत चाहत्यांचा एक जथा असतो. सामन्याआधी ही मंडळी क्रेप कागदाचा एक अवाढव्य फलक तयार करतात. त्यावर खेळाडूचे नाव, एखादे यमक किंवा चार ओळींचा संदेश चिकटवलेला असतो. सामन्याच्या दिवशी तो मैदानात दोरखंडांवर उभा केला जातो आणि खेळाडू धावत येऊन तो छातीने फाडून मैदानात शिरतात. कित्येक तासांचे कष्ट क्षणार्धात चिंध्या होतात आणि त्याचे कोणालाच वाईट वाटत नाही. कोणाचा शतकी, द्विशतकी किंवा अखेरचा सामना असेल, तर तो फलक त्याच्या नावाचा असतो. मूर्ती घडवून विसर्जित करणाऱ्या आपल्या समाजाला ही रीत समजावून सांगण्याची गरज नाही.

शेवटचा सायरन वाजला की दोन सहकारी निवृत्त होणाऱ्याला खांद्यावर घेतात. प्रतिस्पर्धी संघ दुतर्फा उभा राहून टाळ्या वाजवतो. आणि हंगामाच्या अंतिम सामन्याच्या दिवशी, मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर जवळजवळ लाखभर प्रेक्षकांसमोर, त्या वर्षी निवृत्त झालेले नामवंत खेळाडू मैदानाला एक फेरी मारतात. त्या फेरीत क्लबभेद गळून पडतो. वर्षभर ज्याच्या नावाने बोटे मोडली, त्यालाही लोक हात हलवून निरोप देतात.

३ ऑक्टोबर २०१५ रोजी त्या फेरीत गुड्स नव्हता.

त्याची कारकीर्द पाहा. १९८० साली दक्षिण ऑस्ट्रेलियात जन्मलेला हा मुलगा १९९७ च्या खेळाडू निवडीत त्रेचाळिसाव्या क्रमांकावर सिडनी स्वान्स क्लबकडे आला. १९९९ मध्ये पदार्पण, आणि त्याच वर्षी सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडूचा मान. २००३ आणि २००६ अशी दोनदा त्याला ब्राउनलो पदके मिळाली. २००५ च्या विजेत्या संघात तो होता, आणि त्या विजेतेपदाने क्लबचा बहात्तर वर्षांचा दुष्काळ संपला. २०१२ च्या अंतिम सामन्यात गुडघ्याचा अस्थिबंध दुखावलेला असूनही तो शेवटपर्यंत मैदानात राहिला आणि दुसऱ्यांदा विजेता झाला. एकूण ३७२ सामने. तो त्या वेळी क्लबचा विक्रम होता. २०१४ मध्ये ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ हा राष्ट्रीय सन्मानही त्याला मिळाला.

गुड्स मूलनिवासी आहे. आईकडून तो अद्न्यामथान्हा आणि नरुंगा या जनसमूहांचा. त्याची आई तथाकथित ‘चोरलेल्या पिढ्यां’पैकी, म्हणजे ज्या मूलनिवासी मुलांना सरकारी धोरणानुसार आईवडिलांपासून तोडून अन्यत्र वाढवण्यात आले, त्यांच्यापैकी एक. गुड्सच्या काळात या खेळातल्या व्यावसायिक खेळाडूंपैकी साधारण दहा टक्के मूलनिवासी होते, तर देशाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा तीन-चार टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे खेळाचे वैभव ज्यांच्या पायांवर उभे आहे, त्यांच्याशी सज्जातला प्रेक्षक कसा वागतो हा प्रश्न जुनाच आहे.

१७ एप्रिल १९९३ रोजी मेलबर्नच्या व्हिक्टोरिया पार्क मैदानावर सेंट किल्डाच्या निकी विन्मारने सामना जिंकल्यावर कॉलिंगवुडच्या चाहत्यांकडे तोंड केले, जर्सी वर उचलली आणि आपल्या काळ्या कातडीकडे बोट दाखवले. दिवसभर तो वर्णद्वेषी शिव्या ऐकत होता. ते छायाचित्र आज त्या देशाच्या सामाजिक इतिहासाचा भाग झाले आहे. दोन वर्षांनी मायकल लाँग या एसेंडनच्या खेळाडूने प्रतिस्पर्ध्याच्या शिवीबद्दल उघड तक्रार केली आणि जून १९९५ मध्ये लीगला वांशिक अवहेलनेविरुद्ध नियम करावा लागला. पण त्या नियमाचा रोख मैदानातल्या माणसांवर होता. हजारांच्या जमावाला नियम कोण लावणार?

२४ मे २०१३. मूलनिवासी संस्कृतीच्या गौरवासाठी राखलेल्या फेरीचा पहिला सामना, मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, प्रतिस्पर्धी कॉलिंगवुड. सामन्याच्या शेवटाकडे कुंपणापलीकडून एका तेरा वर्षांच्या मुलीने गुड्सला ‘वानर’ म्हटले. तो थांबला, वळला आणि त्याने सुरक्षारक्षकांना त्या दिशेने बोट दाखवले. सामन्यानंतर कॉलिंगवुडचे अध्यक्ष एडी मॅग्वायर स्वतः त्याची क्षमा मागायला खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी गुड्सने पत्रकारांना सांगितले की आपले मन मोडले आहे. पण दोष त्या मुलीचा नाही, तिला आधार द्या. त्यानंतर आठवडाही उलटला नव्हता, तोच याच मॅग्वायर यांनी रेडिओवर किंग काँगच्या जाहिरातीसाठी गुड्सचे नाव सुचवण्याचा ‘विनोद’ केला. पुन्हा क्षमायाचना आली. कोणी कादंबरीत लिहिले असते तर संपादकाने अतिरंजित म्हणून खोडले असते.

यानंतर हळूहळू हुर्यो सुरू झाली. २०१४ मध्ये ती तुरळक होती. २०१५ मध्ये गुड्सच्या हाती चेंडू आला की प्रतिस्पर्धी सज्जांतून नेमाने उठू लागली. २९ मे २०१५ रोजी कार्लटनविरुद्ध गोल केल्यावर त्याने एक मूलनिवासी युद्धनृत्य केले आणि काल्पनिक भाला फेकल्याचा आविर्भाव केला. मूलनिवासी किशोरांच्या संघाकडून तो हे नृत्य शिकला होता, आणि तो सामनाही मूलनिवासी गौरवाच्या फेरीतलाच होता. संस्कृतीचा गौरव पाहायला जमलेल्यांपैकी अनेकांना प्रत्यक्ष संस्कृती दिसताच ती धमकी वाटली! हुर्यो आणखी वाढली.

हुर्यो करणाऱ्यांचा युक्तिवाद काय होता? तो वर्णामुळे नव्हे, खोटे पडून फ्री किक मिळवतो म्हणून आम्ही ओरडतो. हा युक्तिवाद तपासून पाहण्यासारखा आहे. ब्राउनलो पदक पंचांच्या मतांवर ठरते आणि ते ‘सर्वांत सचोटीचा व सर्वोत्तम’ खेळाडूला दिले जाते. ज्या पंचांना तो फसवतो असे म्हणायचे, त्यांनीच दोनदा त्याला सचोटीचा ठरवले होते. शिवाय चौदा-पंधरा वर्षे लोकांना न खटकलेली त्याची खेळण्याची तऱ्हा, त्याने वर्णद्वेषाविषयी तोंड उघडल्यावरच का खटकू लागली?

२६ जुलै २०१५ ला पर्थमध्ये वेस्ट कोस्टविरुद्धच्या सामन्यात कळस झाला. सहकारी लुइस जेट्टाने गोल केल्यावर त्याच्या पाठिंब्यासाठी नृत्य केले. तरी हुर्यो थांबली नाही. गुड्सने रजा घेतली. पुढच्या शनिवारी, १ ऑगस्टला, सिडनी क्रिकेट ग्राउंडवर ॲडिलेडविरुद्ध त्याचा संघ त्याच्याविना उतरला. त्याचा जर्सी क्रमांक ३७. तिसऱ्या सत्राच्या सातव्या मिनिटाला सज्जातले प्रेक्षक उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मैदानात तो नव्हता. ज्याला मानवंदना द्यायची तो समोर नसताना, खेळ चालू असताना दिलेली ही दाद. मला विचाराल तर त्याला चाहत्यांकडून मिळालेला खरा निरोप हाच, मग पंचांगात निवृत्तीची तारीख पुढची का असेना. त्या आठवड्यात रिचमंडच्या संघाने आपली मूलनिवासी नक्षीची जर्सी घालून सामना खेळला, आणि आठ दिवसांनी जीलाँगमध्ये परतलेल्या गुड्सचे प्रतिस्पर्धी चाहत्यांनीही स्वागत केले.

१९ सप्टेंबरला उपांत्य टप्प्यात नॉर्थ मेलबर्नकडून स्वान्स हरले. गुड्सने खोलीत सहकाऱ्यांना सांगितले की हा आपला अखेरचा सामना. कोणी खांद्यावर घेतले नाही, कारण मैदानात कोणाला ठाऊकच नव्हते. पुढे अंतिम सामन्याच्या दिवशीची मानाची फेरीही त्याने नाकारली. तिथे पुन्हा तीच हुर्यो उठली असती तर, ही शंका त्या वेळी कोणालाच अवाजवी वाटली नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. ज्यांनी कधीच हुर्यो केली नाही, सतरा हंगाम त्याच्यासाठी घसा बसवला, फलक चिकटवले, त्या सिडनीकरांचे काय? त्यांच्या वाट्याचा निरोप त्याने का हिरावला? हे दुःख खरे आहे. लहानपणापासून ज्याचा ३७ क्रमांक पाठीवर मिरवला, त्याला शेवटचा हात हलवता आला नाही, हे चाहत्याच्या मनात सलणारच. पण निरोपाची फेरी हे खेळाडूचे कर्ज नव्हे. ती प्रेक्षकांनी द्यायची वस्तू आहे, आणि देणगी नाकारण्याचा हक्क घेणाऱ्याकडे असतो. सिडनीच्या चाहत्यांचा हिशेब उरतो तो शेजारच्या सज्जाशी, आणि त्याहून अधिक लीगशी. हुर्योला वर्णद्वेष म्हणायचे की नाही, यावर लीगचे अधिकारी कित्येक आठवडे शब्द तोलत बसले होते.

लाखभर लोकांसमोर हसत हात हलवायला लावून त्या दोन वर्षांवर पांघरूण घालणे सर्वांनाच सोयीचे झाले असते. टाळ्या वाजवणाऱ्याला वाटले असते की आपण कधी हुर्यो केलीच नाही. गुड्सने ती सोय उपलब्ध करून दिली नाही.

हे वाचताना मराठी वाचकाने परदेशातल्या वर्णद्वेषाबद्दल फार चुकचुकू नये. ऑक्टोबर २००७ मध्ये आपल्याच वानखेडे स्टेडियमवर अँड्र्यू सायमंड्सला माकडाचे हावभाव करून डिवचले गेले आणि काही प्रेक्षकांना पोलिसांनी बाहेर काढले. त्याच वानखेडेने नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिन तेंडुलकरला डोळ्यांत पाणी आणून निरोप दिला. त्या निरोपाचा आपण अभिमान बाळगतो, तो बाळगावाही. पण मैदानाची स्मृती निवडक नसते.

२०१९ मध्ये गुड्सच्या शेवटच्या वर्षांवरचा ‘द फायनल क्वार्टर’ हा माहितीपट आला. त्यात एकही नवी मुलाखत नाही. त्या काळातली जुनी चित्रणे आणि प्रक्षेपणे फक्त ओळीने लावलेली आहेत. तेवढ्यानेच पाहणाऱ्याला मान खाली घालावीशी वाटते. तो प्रदर्शित होत असतानाच, जून २०१९ मध्ये, लीगने आणि तिच्या अठराही क्लबांनी विनाशर्त माफी मागितली. गुड्सला मिळालेल्या वागणुकीने त्याला खेळापासून दूर लोटले आणि आपण त्याच्या पाठीशी पुरेसे उभे राहिलो नाही, हे त्यांनी लेखी मान्य केले. त्याच वर्षी पर्थमध्ये विन्मारचा, जर्सी उचललेल्या मुद्रेतला, पुतळा उभा राहिला. छायाचित्रानंतर सव्वीस वर्षांनी.

मार्च २०२२ मध्ये लान्स फ्रँकलिन या दुसऱ्या मूलनिवासी खेळाडूने स्वान्सच्याच जर्सीत कारकिर्दीतला हजारावा गोल केला, तेव्हा सिडनी क्रिकेट ग्राउंडवर हजारो चाहते कुंपण ओलांडून मैदानात धावले आणि खेळ बराच वेळ थांबला. ती दृश्ये पाहून मला आनंदच झाला. मात्र ‘बघा, सगळे सुरळीत झाले’ असा निष्कर्ष ज्यांनी काढला, त्यांनी २०२१ ची एक घटना आठवावी.

त्या वर्षी गुड्सला ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान देऊ करण्यात आले होते. दोन ब्राउनलो, दोन विजेतेपदे. पात्रतेचा प्रश्नच नव्हता. त्याने तेही नाकारले. मायकल ओ’लॉक्लिन या जुन्या सहकाऱ्याबरोबर २००९ मध्ये स्थापन केलेल्या ‘गो फाउंडेशन’मार्फत मूलनिवासी मुलांना शिष्यवृत्त्या देण्याचे काम मात्र त्याने सोडलेले नाही.