विजेच्या मापाचा न्याय

विजेवर चालणारी तीनचाकी गाडी आतां भाजीपाल्याच्या वाहतुकींत दिसूं लागली आहे. बैलाच्या वैरणीचा भाव आपण पारखून घेतों. मग या नव्या वाहनाच्या वैरणीचा भाव कसा ठरतो, इकडेहि शेतकरीवर्गानें वेळींच लक्ष पुरविलें पाहिजे.

दर थोडा अधिक असला तरी चालेल. माप मात्र खरें पाहिजे. अमेरिकेंतील कांहीं राज्यांत वीज विकण्याचा अधिकार फक्त वीज कंपन्यांस होता, म्हणून चार्जिंग केंद्रवाले मिनिटांवर पैसे घेत. परंतु बॅटरी भरत आली कीं वीज संथ गतीनें शिरते. अशा वेळीं मिनिट तेंच, पण पदरीं पडणारी वीज कमी. आपल्याकडे ही कायद्याची अडचण नाहीं. चार्जिंग ही सेवा आहे, त्यास वीजविक्रीचा परवाना नको, असा खुलासा केंद्र सरकारनें एप्रिल २०१८ मध्यें केला आहे. तेव्हां आकार युनिटावरच असावा. गाडी भरल्यावरहि जागा अडविणारास वेळेचा दंड करणें मात्र रास्त होय.

केंद्रचालकाचा खर्च मोठा असतो, हें खरें. जलद चार्जिंगचीं यंत्रें महाग, आणि गिऱ्हाईक अद्याप तुरळक. पण त्यास सवलतीहि आहेत. सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सकाळीं ९ ते दुपारीं ४ पर्यंत केंद्रास मिळणाऱ्या विजेचा दर सरासरी पुरवठाखर्चाच्या ०.७ पट, व इतर वेळीं १.३ पट धरावयाचा आहे. सरकारी जागाहि युनिटामागें एक रुपया वांटणीनें देण्याची सोय आहे. सवलत जनतेच्या नांवानें मिळते, तर दुपारच्या गिऱ्हाइकाच्या पावतींत ती दिसली पाहिजे.

रुमालाखालीं बोटें दाबून ठरणारे सौदे आपल्या वाडवडिलांनीं पाहिले आहेत. मुंबई इलाख्यांत १९३९ सालीं बाजार-नियमनाचा कायदा झाला, तो उघड भाव व खरें वजन यांसाठींच. तोच न्याय येथें लावावा.

यास्तव ज्या ग्रामपंचायती व सहकारी संघ अशा केंद्रास जागा देतील, त्यांनीं करारांतच तीन अटी घालाव्या: वीज, सेवा आकार व कर यांचे वेगवेगळे दर गाडी जोडण्यापूर्वीं फलकावर दिसावे, पावतीवर युनिटें लिहावीं, आणि दिवसाची सवलत गिऱ्हाइकास पोंचावी. जागा एकदां हातची गेली, म्हणजे अटी घालण्याचा अधिकारहि गेला.