पाळण्यावर पहारा

दिल्लीच्या कचेऱ्यांत दुपारचे डबे उघडले की लोकसंख्येचा प्रश्न हमखास निघतो. बिहारकडची माणसे भरमसाट मुले जन्मास घालतात, आपण कुटुंब आवरते घेऊन काय मिळविले, आता सरकारने दोन अपत्यांचा कायदाच केला पाहिजे, असे ठराव पोळीभाजीबरोबर एकमताने संमत होतात. खेदाची गोष्ट ही की, त्यांत आम्हां मराठी मंडळींचा आवाज सर्वांत चढा असतो. या ठरावास आमचा स्पष्ट विरोध आहे.

लोकसंख्या फुगते ती माणसे एकाएकी अविचारी होतात म्हणून नव्हे. आधी मरण मागे हटते, जन्म मागाहून घटतात. मधल्या काळात घर भरते. इंग्लंडात मृत्यूचे प्रमाण अठराव्या शतकाच्या अखेरीपासून उतरू लागले, जन्माचे प्रमाण मात्र १८७० नंतर. आपल्याकडे १९११ ते १९२१ या दशकात, इन्फ्लुएन्झाच्या साथीमुळे, लोकसंख्या किंचित घटलीच होती. १९४१ ते १९५१ या काळात दर हजारी सुमारे ४० जन्म व २७ मृत्यू होत. २०२० साली ते आकडे १९.५ आणि ६ वर आले. दोन्ही उतरले, पण एकदम नव्हे.

आमच्याच घराचे पाहा. पणजीची बाळंतपणे नऊ. हाताशी आली चार मुले. आजीला सहा झाली व सहाही जगली. आईने दोघांवर थांबविले. यांपैकी कोणीही कायदा वाचून पाळणा हलविला वा थांबविला नाही. पणजीचा हिशेब मरणाशी होता; आईला मुले जगतील याची खात्री होती आणि ती शाळेत गेलेली होती. जे आमच्या घरी तीन पिढ्यांत घडले, तेच आज बिहारात घडत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे तेथे एका स्त्रीस सरासरी होणारी अपत्ये २००५-०६ साली ४ होती, २०१९-२१ साली ३ झाली. केरळात हा आकडा १९९२-९३ सालीच २ होता. याचे रहस्य त्याच पाहणीत आहे. वर्षाच्या आत दगावणारी बालके बिहारात हजारी सुमारे ४७, केरळात ४. दहा वर्षे शाळेत गेलेल्या स्त्रिया बिहारात शंभरांत २९, केरळात ७७. मग दोष कोणाचा? आईचा, की तिला शाळा आणि दवाखाना न देणाऱ्यांचा?

सक्तीचा प्रयोगही या देशाने केलेला आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी-शस्त्रक्रिया झाल्या. त्या दहशतीचे फळ असे की, आज विवाहित स्त्रियांपैकी शंभरांत ३८ जणींनी स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेतलेली आहे; पतीने ती केली अशा हजारांत तीन! दोनांची मर्यादा घातली, पण मुलाचा हट्ट तसाच ठेवला, की बळी कोणाचा जातो हे आम्ही सांगावयास नको. २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली ८९४ होत्या. आमच्या आवरत्या कुटुंबाचा अभिमान सांगताना हा आकडा आम्ही का गिळतो?

आम्ही स्वतः केंद्र सरकारचे कारकून. छोट्या कुटुंबाबद्दलचा भत्ता १ जुलै २०१७ पासून बंद झाला. तोवर त्याची बिले आमच्या टेबलावरून जात. त्या चार रुपयांकरिता पाळणा थांबविणारा एकही सहकारी आम्हांस भेटला नाही. भत्ता गेला म्हणून तिसरे मूल होऊ देणाराही नाही.

आता वारे फिरले आहे. २०२४ साली दक्षिणेतील दोन मुख्यमंत्र्यांनी अधिक मुलांची भाषा काढली, कारण लोकसभेच्या जागा डोकी मोजून वाटल्या जातील ही धास्ती. ती धास्ती खरी असेल. तिचा निवाडा संसदेत व्हावा. काल नको म्हणून, आज हवे म्हणून, स्त्रीच्या उदराची मोजदाद करण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला आम्ही देणार नाही. सरकारने झालेले मूल जगवावे, मुलीला शाळेत टिकवावे. पाळण्याचा निर्णय त्या घरची बाई घेईल. आमच्या आईने घेतला, तसाच.