केस उजळायचे आहेत? आधी गुंतवळावर करून पाहा

लग्नसराई सुरू झाली किंवा कॉलेजचे स्नेहसंमेलन जवळ आले की अनेक घरांत एक विषय हमखास निघतो. मुलीला केसांना तपकिरी किंवा सोनेरी छटा हवी असते. आई म्हणते, ‘‘एवढे काळेभोर केस, ते कशाला बिघडवायचे?’’ पार्लरचा खर्च ऐकून वडील वर्तमानपत्रात डोके खुपसतात. मग मधला मार्ग म्हणून स्वयंपाकघरातील लिंबू, मध, दालचिनी आणि चहापत्ती बाहेर निघते. मोबाइलवर पाहिलेल्या कृतीत तर ‘एका रात्रीत सोनेरी केस’ असे छातीठोक आश्वासन असते. शिवाय वाटते, खाण्याचेच पदार्थ आहेत, त्यांनी काय अपाय होणार?

अपाय होऊ शकतो आणि फायदा मात्र वाटतो तेवढा होत नाही. म्हणूनच घरातील कोणत्या वस्तूकडून किती अपेक्षा ठेवावी आणि कोणती वस्तू केसांच्या जवळही आणू नये, ते या वेळी पाहू या.

काळा रंग असतो कुठे?

केसाचा बाहेरचा थर घरावरच्या कौलांसारखा असतो. बारीक, पारदर्शक खवले एकावर एक बसलेले असतात. केसाचा रंग या कौलांवर नसतो, तो त्यांच्या आतल्या जाड थरात असतो. या रंगद्रव्याचे नाव मेलॅनिन. त्याचे दोन प्रकार आहेत. एक काळपट-तपकिरी आणि दुसरा तांबूस-पिवळा. आपल्याकडच्या बहुतेकांच्या केसांत पहिला प्रकार भरपूर असतो.

वरून काहीही चोळले तरी हा रंग धुऊन निघत नाही. तो फिका करायचा, तर कौले उचलून आत शिरावे लागते आणि रंगद्रव्य मोडावे लागते. ते करताना केसाची बळकटीही थोडी खर्ची पडते. म्हणजे केस खरोखर उजळणे आणि केस थोडे झिजणे या गोष्टी जोडीनेच येतात.

दुसरे म्हणजे, काळा केस एकदम सोनेरी होत नाही. आधी तो गडद तांबूस होतो, मग विटकरी, मग नारिंगी आणि त्यानंतर पिवळा. घरगुती प्रयोग बहुधा पहिल्या पायरीवरच अडतो. जोर केला तर विटकरी किंवा नारिंगी रंगावर येऊन थांबतो आणि तो रंग कुणालाच नको असतो.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. खांद्यापर्यंतच्या केसांची टोके म्हणजे दोन-तीन वर्षांची कमाई. ती बिघडवायला एक दुपार पुरते आणि भरून यायला तेवढीच वर्षे लागतात.

लिंबू आणि ऊन

हा उपाय फार जुना आहे. १५९० साली व्हेनिसमध्ये छापलेल्या चेझारे वेचेल्यो यांच्या पोशाखांवरील पुस्तकात तिथल्या स्त्रियांचे वर्णन आहे. घराच्या छपरावरील लाकडी गच्चीत त्या उन्हात बसत. डोक्यावर टोपी असे ती फक्त काठाची, मधला भाग कापलेली. केस त्या काठावर पसरायचे आणि वरचेवर औषधी पाणी लावायचे. पण त्यांचे केस मुळातच आपल्यापेक्षा फिके. जो उपाय पिंगट केसांवर दिसतो, तो काळ्याभोर केसांवर तसाच दिसेल असे नाही.

तरीही करून पाहायचे असेल, तर रीत अशी : एका लिंबाचा रस गाळून घ्या, त्यात दुप्पट पाणी मिसळा. हे पाणी टाळूला न लावता केसांच्या खालच्या अर्ध्या भागाला लावा. सकाळच्या कोवळ्या उन्हात वीस मिनिटे बसा. मग केस साध्या पाण्याने स्वच्छ धुऊन कंडिशनर लावा. आठवड्यातून एकदाच आणि एकूण तीन-चार वेळाच करा. केस मुळात तपकिरी असतील, तर उन्हात तांबूस झाक दिसेल. काळेभोर असतील, तर फारसा फरक पडणार नाही. फरक पडला नाही म्हणून रसाचे प्रमाण किंवा उन्हातील वेळ वाढवू नका. त्याने फक्त कोरडेपणा वाढेल.

एक धोका फारसा कुणी सांगत नाही. लिंबाचा रस त्वचेवर राहिला आणि त्यावर ऊन पडले, तर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात. त्यामागोमाग काळपट डाग पडतात आणि ते आठवडे, कधी महिनेही जात नाहीत. केसांतून ओघळलेला रस कपाळ, कान, मान आणि हात यांवर राहू देऊ नका. खांद्यावर जुना टॉवेल घ्या आणि उन्हात जाण्यापूर्वी हात साबणाने धुवा.

मध आणि दालचिनी

मधात पाणी मिसळले की त्यातील एका पाचक द्रव्यामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड अगदी अल्प प्रमाणात तयार होते. केस उजळण्यासाठी मध सुचवला जातो तो यामुळेच. मात्र हे प्रमाण इतके थोडे असते की काळ्या केसांचा रंग त्याने बदलणे कठीण. मध गरम केला, तर ते पाचक द्रव्यही नष्ट होते. तेव्हा मध लावायचाच, तर मऊपणासाठी लावा. तीन-चार चमचे मध कोमट नव्हे, साध्या पाण्यात पातळ करून केसांना लावा आणि अर्ध्या तासाने धुऊन टाका.

दालचिनी मात्र टाळूपासून लांबच ठेवा. मसाल्यात चिमूटभर असते ती वेगळी आणि तासभर टाळूवर थापलेली वेगळी. तिच्यातील तेलामुळे अनेकांना आग होते, लाली येते, पुरळही उठते.

मेंदी, चहा आणि कॉफी

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. या तिन्ही वस्तू केस उजळत नाहीत, त्या केसांवर रंग चढवतात. मेंदीतील रंगद्रव्य केसाच्या प्रथिनांना चिकटते. त्यामुळे काळ्या केसांना उन्हात लालसर चमक येते आणि पांढरे केस केशरी होतात. चहा-कॉफीचा रंग हलका असतो, तो एक-दोन न्हाण्यांतच उतरतो.

पण सौम्य तांबूस छटा एवढीच हौस असेल, तर केस न झिजवता ती पुरवणारी वस्तू मेंदीच. फक्त ती निव्वळ पानांची हवी. ‘काळी मेंदी’ किंवा ‘झटपट मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत बहुधा रासायनिक रंग असतो. त्यातील पीपीडी नावाच्या द्रव्याची काहींना तीव्र अ‍ॅलर्जी येते. डोके खाजते, पापण्या आणि चेहरा सुजतो. पुडीवरील घटकांची यादी वाचल्याशिवाय ती घरात आणू नका.

पेरॉक्साइडची बाटली

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ थेनार यांनी १८१८ साली शोधलेले हायड्रोजन पेरॉक्साइड हेच केस खरोखर उजळणारे द्रव्य आहे. पार्लरमधील ब्लीचचा आधारही तेच. औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी त्याची बाटली मिळते आणि इथेच मोह होतो. बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ सुमारे ६ टक्के. ते पाण्यासारखे पातळ असल्यामुळे ओघळून डोळ्यांत जाऊ शकते, केसांवर सारखे पसरत नाही आणि मग कुठे पट्टे तर कुठे ठिपके उठतात. ही बाटली केसांवर ओतू नका. खरेच उजळ रंग हवा असेल, तर केसांसाठीच बनवलेले उत्पादन आणून त्यावरील सूचना तंतोतंत पाळा किंवा जाणकाराच्या हातून करून घ्या.

यापूर्वी केसांना रंग लावला असेल, तर अधिक जपा. काही रंगांत धातूंचे क्षार असतात. पेरॉक्साइडशी गाठ पडताच ते तापतात आणि केस जागच्या जागी तुटू शकतात.

हे मुळीच नको

कपड्यांचे ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर : याने केस अक्षरशः विरघळतो आणि टाळू भाजते. त्यात लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे अ‍ॅसिड पडले, तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

चेहऱ्याचे ब्लीच क्रीम : ते चेहऱ्यावरील बारीक लव फिकी करण्यासाठी असते. डोक्यावरच्या केसांसाठी ते नाही.

खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा : याने केसांची कौले उचकटतात आणि केस राठ होऊन गुंततात.

आधी गुंतवळावर प्रयोग

आपल्या आज्या विंचरताना निघालेला गुंतवळ जपून ठेवत. तोच इथे उपयोगी पडतो. सात-आठ दिवस फणीतले केस साठवा आणि त्यांची एक जुडी करून एका टोकाला दोऱ्याने बांधा. जे लावायचे आहे ते या जुडीला ठरलेला वेळ लावा. धुवा, वाळवा आणि दुसऱ्या दिवशी खिडकीच्या उजेडात पाहा. रंग आवडला का? एक केस दोन्ही हातांनी हलकेच ताणा. चटकन तुटला किंवा रबरासारखा लांबला, तर तो प्रयोग तिथेच सोडा.

केस टिकला, तर त्वचेची परीक्षा घ्या. तयार केलेले मिश्रण कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावा आणि ४८ तास वाट पाहा. खाज, लाली किंवा सूज आली, तर ते डोक्याला लावू नका. पूर्वी कधी त्रास झाला नाही म्हणून ही परीक्षा टाळू नका. अ‍ॅलर्जी कोणत्याही वेळी सुरू होऊ शकते.

टाळूवर जखम, पुरळ किंवा त्वचेचा विकार असेल, तर असे प्रयोग नकोतच. लहान मुलांच्या केसांवर तर कधीच नकोत. उलट, एखाद्या बाळाचे काळे केस आपोआप तांबूस, विरळ आणि सहज निघणारे होऊ लागले, तर ते कौतुकाचे नाही. आहारात प्रथिने कमी पडत असल्याचे ते लक्षण असू शकते. त्याला डॉक्टरांना दाखवा.

नंतरची निगा

उजळलेला केस कोरडा आणि नाजूक असतो. न्हाण्यापूर्वी तासभर खोबरेल तेल लावा. धुताना केसांतील प्रथिनांची होणारी झीज त्यामुळे कमी होते. ओले केस खसाखसा पुसू नका, मोठ्या दातांच्या फणीने खालून वर सोडवत जा. उन्हात बाहेर पडताना ओढणी किंवा स्कार्फ बांधा.

आईला आणि मुलीला

मुलीची हौस हा काही गुन्हा नव्हे. तिला नुसते ‘नाही’ म्हटले, तर ती न्हाणीघराची कडी लावून प्रयोग करील आणि त्यातच धोका जास्त. त्यापेक्षा दोघींनी मिळून गुंतवळाची जुडी बांधावी. अनेकदा ती जुडी पाहूनच निम्मा मोह ओसरतो.

मुलींनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. समारंभ चार दिवसांवर आलेला असताना पहिला प्रयोग करू नये. महिनाभर आधी करावा. आणि एवढे करूनही फिका रंग हवाच असेल, तर सगळे डोके पणाला न लावता खालच्या टोकांच्या चार-सहा बटा तेवढ्या जाणकाराकडून उजळून घ्याव्यात. रंग आवडला तर हौस फिटेल. नाही आवडला, तर कात्रीने दोन बोटे केस कमी केले की काम भागेल.