टेम्पो येण्याआधी

घाटकोपर पूर्वेला पंतनगरात म्हाडाच्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. घर रिकामे करायची तारीख ठरली की माळ्यावरचे सामान खाली येते. भाड्याच्या घरात जागा कमी, म्हणून त्यातले बरेचसे भंगारवाल्याकडे आणि रद्दीत जाते. अशा सामानात कधी एखादी जाड पुठ्ठ्याची फाइल निघते. आत गंजलेल्या टाचणीने लावलेली पिवळी कात्रणे, एखादे प्रमाणपत्र, सामन्यासाठी रजा मंजूर केल्याचे कंपनीचे पत्र आणि कूपरेज मैदानावर काढलेला फुटबॉल संघाचा फोटो. पुढच्या रांगेत मधोमध चेंडू आणि त्यावर खडूने लिहिलेले साल. घरातली तरुण मंडळी विचारतात, ‘बाबा, हे ठेवायचंय का?’ बाबा क्षणभर थांबतात आणि ‘जाऊ दे’ म्हणतात. ते जाऊ देऊ नये, एवढेच सांगायचे आहे.

मुंबईचा फुटबॉल जुना आहे. रोव्हर्स चषक 1891 साली सुरू झाला आणि पुढची साडेचार दशके तो गोऱ्या पलटणींकडेच राहिला. 1937 साली बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला, तेव्हा पहिल्यांदा भारतीय संघाचे नाव त्यावर लागले. स्वातंत्र्यानंतर या शहराचा फुटबॉल कंपन्यांनी पोसला : टाटा, कॅलटेक्स, बर्मा शेल, मफतलाल, ऑर्के मिल्स, दोन्ही रेल्वे, बेस्ट, शेजारच्या चेंबूरचे आरसीएफ. त्यातूनच नेव्हिल डिसूझा आला. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने तीन गोल केले. त्याच संघातला गोलरक्षक एस. एस. नारायण माटुंग्याचा. ही नावे राहतील, त्यांची काळजी नाही.

काळजी आहे ती त्यांच्या आजूबाजूच्या शेकडो जणांची. गल्लीच्या संघातून कॉलेजच्या संघात, तिथून पाहुणा खेळाडू म्हणून दुसरीकडे, मग ट्रायल, मग खेळावर नोकरी. सकाळी सराव, दुपारी खातेवही, संध्याकाळी सामना असेल तर लोकलने व्हीटी गाठायची. पावसाळ्यातला चिखल आणि उन्हाळ्यातली दगडासारखी जमीन, दोन्हीवर पडून गुडघे फुटायचे. संघ बंद पडला तर दुसऱ्या कंपनीचा दरवाजा ठोठावायचा, आणि गुडघा कायमचा गेला की उरलेली वर्षे फक्त खातेवही. दहा-बारा मोसम अशा रीतीने इमानाने खेळलेल्या माणसाचे किती सामने झाले, किती गोल झाले, हे आज कोणी सांगू शकत नाही. कित्येकदा तो स्वतःही नाही.

क्रिकेटमध्ये असे होत नाही. भाऊसाहेब निंबाळकर बडोदा, महाराष्ट्र, होळकर, मध्य भारत, राजस्थान, रेल्वे अशा संघांतून खेळले आणि त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. पण डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्धच्या त्यांच्या नाबाद 443 धावाच नव्हेत, तर रणजीतल्या त्यांच्या किरकोळ धावासुद्धा आज कोणालाही काढून बघता येतात. तिथे स्कोअरबुक होते आणि ते जपणारे लोकही होते.

फुटबॉलमध्येही हे करता येते, याचा पुरावा इंग्लंडमध्ये आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या बहुतेक काळात तिथल्या लीगमध्ये 88 संघ होते आणि बहुतेक खेळाडू आपल्या कंपनीवाल्यांसारखेच साधे, पोटापाण्यासाठी खेळणारे. 1922 पासून आठवड्याचे वेतन मोसमात जास्तीत जास्त आठ पौंड आणि उन्हाळ्यात सहा. ते सगळ्यांना मिळायचेच असे नाही. मोसम संपला की क्लब यादी काढायचा; ठेवले तर नशीब, नाही तर दुसरे गाव. नोंदणी मात्र क्लबच्या मुठीत, त्यामुळे मनाप्रमाणे निघून जायची सोयही नव्हती. बार्न्सलीजवळचा टेड हार्स्टन असाच शेफील्ड वेन्सडे, बार्न्सली, रेडिंग, ब्रिस्टल सिटी असे क्लब फिरत मॅन्सफील्डला आला. तिथे 1936-37 च्या मोसमात तिसऱ्या श्रेणीच्या उत्तर विभागात त्याने 55 गोल केले. त्या बळावर लिव्हरपूलने घेतला, पण तिथे त्याच्या वाट्याला लीगचे पाचच सामने आले.

हे आपल्याला घाटकोपरला बसून कळते, कारण 1888 ते 1939 या काळात त्या लीगमध्ये एक तरी सामना खेळलेल्या प्रत्येक खेळाडूची नोंद मायकेल जॉइस यांनी केली आणि 2002 साली ती पुस्तकरूपाने छापली. जन्म कुठला, क्लब कोणते, किती सामने, किती गोल. एका माणसाला मोजक्याच ओळी. एका सामन्यात खेळून गेलेला खाणकामगारही त्यात आहे. मला हे पुस्तक फार मोठे वाटते. चषक उचलणाऱ्यांची चरित्रे सगळेच लिहितात.

आपल्याकडे अडते कुठे? सामन्याआधी दोन्ही संघांची यादी संघटनेकडे जाते, पण ती पुढे जपली जाण्याची खात्री कोण देतो? कंपनीचा क्रीडा विभाग गुंडाळला की कपाट रिकामे होते. 2006 साली राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. मोठ्या संघाची ही गत, तर छोट्यांचे काय? राहिली वर्तमानपत्रे. त्यांत गोल करणाऱ्याचे नुसते आडनाव. एकाच मोसमात चार संघांत चार फर्नांडिस आणि तीन शेट्टी असतील, तर हा कोणता? ते सांगू शकते ती घरातली फाइल, आणि ती ज्याची आहे तो माणूस. साठच्या दशकात खेळलेले खेळाडू आता ऐंशीच्या घरात आहेत.

वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन 1911 पासूनची संस्था आहे. तिने आणि मुंबईच्या फुटबॉल संघटनेने मिळून अशा खेळाडूंची नोंदवही उघडावी; फाइल परत करण्याच्या बोलीवर मागून घ्यावी, स्कॅन करावी आणि वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांशी पडताळून पाहावी. कंपन्यांनी जुन्या क्रीडा विभागांचे उरलेसुरले कागद त्यांच्या हवाली करावेत. पण संघटनेची सभा होऊन ठराव होईपर्यंत पंतनगरातल्या आणखी इमारती रिकाम्या झालेल्या असतील. म्हणून घरच्यांनीच आज सुरुवात करावी. फोनवर प्रत्येक कात्रणाचा फोटो काढावा. संघाच्या फोटोतले चेहरे डावीकडून उजवीकडे विचारत जावे आणि आडनावासह पूर्ण नाव, खेळायची जागा, मोसम आणि समोरचा संघ वहीत लिहून घ्यावा. फोटोतली काही नावे आता फक्त बाबांनाच ठाऊक असतील. ती सर्वांत आधी विचारावीत.