गेम खेळणारे आपण, घडवणारे कोण?

घनसावंगी, तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव, कुठल्याही वस्तीत संध्याकाळी जा. समाजमंदिराच्या ओट्यावर पोरं मोबाईलवर गेम खेळताना दिसतील. आपले ज्येष्ठ कार्यकर्ते यावर वैतागतात. माझा आक्षेप वेगळा आहे. पोरं गेम खेळतात हे दुखणं नाही. त्या धंद्यात ती फक्त गिऱ्हाईक आहेत, हे दुखणं आहे.

आणि हा धंदा काही सातासमुद्रापार नाही. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून पुण्यात आहे. पुण्याच्याच नोडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा गेम आणला. त्याचा आधार पुराणकथा. त्यात गुन्हा नाही. घडवणारा आपल्याला माहीत असलेली गोष्ट सांगतो. मग १९२७ च्या महाड सत्याग्रहाचा गेम कोण घडवणार?

आता या धंद्यात मशीन लर्निंग आले आहे. गेम तयार झाला की तो हजारदा खेळून चुका शोधाव्या लागतात: कुठे भिंतीतून माणूस आरपार जातो, कुठे गेम अडकतो. हे टेस्टिंगचे काम म्हणजे डिग्री-ओळख नसलेल्या पोरांसाठी आत शिरायची पहिली पायरी. आज संगणकच रात्रभर स्वतःशी खेळून या चुका शोधायला शिकतो आहे. युबिसॉफ्टने २०१८ मध्ये जुन्या कोडवरून शिकून नव्या कोडमधली संभाव्य चूक आधीच दाखवणारे साधन जाहीर केले. २०२३ मध्ये किरकोळ पात्रांच्या संवादांचा कच्चा खर्डा लिहिणारे. म्हणजे पहिली पायरीच काढून घेतली जात आहे.

काहीजण म्हणतील, यंत्राला जात नसते. मुंबईच्या गिरण्यांतल्या मागालाही जात नव्हती! तरी साचेखात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे. पगार जास्त त्याच खात्यात. १९२८ च्या संपावेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. शिवाय हे नवे यंत्र जुन्या मजकुरावर शिकते. ज्या मजकुरात आपली बोली फक्त हसण्यासाठी येते, त्यावर शिकलेले यंत्र तेच हजारपट करून देईल.

म्हणून यंत्राला विरोध करायचा का? मुळीच नाही. गांधीवादावर टीका करताना बाबासाहेबांनी १९४५ मध्येच स्पष्ट केले, की दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. जे यंत्र टेस्टरची नोकरी खाते, तेच तीन पोरांच्या बिनभांडवली गटाला टेस्टरची फौज मिळवून देऊ शकते. प्रश्न एवढाच, की ते कोणाच्या हातात असेल.

त्यासाठी दोन मागण्या रेटल्या पाहिजेत. एक, बार्टीच्या प्रशिक्षणात गेमनिर्मिती आणि मशीन लर्निंग आले पाहिजे, आणि तेही पुण्यात नव्हे, तालुक्यात. दोन, राज्य सरकारने २०२५ मध्ये ॲनिमेशन-गेमिंग धोरण मंजूर केले आहे. त्यातून जनतेच्या पैशाने सवलती घेणाऱ्या प्रत्येक स्टुडिओने आपल्याकडे कोणत्या समाजघटकांचे किती लोक कोणत्या पदावर आहेत, हे जाहीर केले पाहिजे. मागणी संघटनेनेच पुरी होते. अमेरिकेतील गेमच्या कलाकारांनी जुलै २०२४ पासून जवळपास वर्षभर संप केला, तेव्हा कुठे त्यांचा आवाज यंत्राने वापरण्यावर संमतीची अट आली.

पण मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. गोडो, ब्लेंडर ही साधने फुकट आहेत. युनिटीचे एमएल-एजंट्स २०१७ पासून उपलब्ध आहे. गेममधल्या पात्राला खेळायला शिकवणारे ते साधन. विहाराच्या वाचनालयात एक बरा संगणक बसवा, तिघे-चौघे एकत्र या. जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च वळवला तरी सुरुवात होते.

'शिका' हा आदेश फक्त नोकरीपुरता नव्हता. घडवायला शिका!

जय भीम! जय संविधान!