प्रेरणा नको, तारीख सांगा

आषाढ लागला की संपादकांचे पत्र येते. हल्ली ते पोस्टाने न येता फोनवर येते, पण मजकूर तोच असतो: दिवाळी अंकासाठी आपले लेखन गणपतीपूर्वी हाती यावे. पत्र आले रे आले की पुण्यातल्या समस्त लेखकवर्गाला स्फुरण चढते. ज्याला चैत्र-वैशाखात एक ओळ सुचत नव्हती, त्याला श्रावणात तीन कथा सुचतात. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली मुंबईहून ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे मराठी सरस्वती पंचांग पाहून प्रसन्न होत आली आहे. आणि असे असूनही त्याच अंकांच्या परिसंवादांतून हेच लेखक गंभीर मुद्रेने सांगतात की, साहित्य ही काही ठरवून करण्याची गोष्ट नव्हे. ते आतून यावे लागते, प्रेरणा व्हावी लागते, तोवर थांबावे लागते.

या ढोंगाविरुद्ध मला चार शब्द लिहायचे आहेत. ढोंग हा शब्द वाचकांना कडक वाटेल. पण ते मी स्वतः पुष्कळ वर्षे केले आहे, तेव्हा तो शब्द वापरण्याचा अधिकार माझ्याकडे आहे असे मी मानतो.

मी मॅट्रिक, म्हणजे आजच्या भाषेत दहावी पास. कॉलेजात गेलो नाही. चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या, त्यांच्या बळावर पुण्यातल्या एका शाळेत चिकटलो आणि गेली वीसएक वर्षे मुलांपुढे माठ, किटली आणि वांगी मांडीत आलो. एकोणतिसाव्या वर्षी पहिली कादंबरी छापली गेली. दोन-तीन जाणत्या माणसांनी तिला बरे म्हटले आणि तिथेच माझा घात झाला. आपण प्रतिभावंत आहोत असा मला संशय आला. प्रतिभावंताने रोज बसून लिहायचे नसते, वाट पाहायची असते, असे मी ऐकून होतो. मी वाट पाहू लागलो. पहाटे तळजाईची टेकडी चढलो. दम लागला, कादंबरी सुचली नाही. मे महिन्यात कोकणात एका नातेवाइकाच्या पडवीत पंधरा दिवस समुद्राकडे तोंड करून बसलो. आंबे खाल्ले आणि परत आलो. लक्ष्मी रस्त्यावरून नवी वही आणली, नवे पेन आणले. अशी सहा वर्षे गेली.

पुढे घरात आजारपण आले आणि पैशांची गरज पडली. एका साप्ताहिकाने क्रमशः कादंबरी मागितली. दर गुरुवारी एक प्रकरण, मानधन बेताचे, पण रोख. पहिली तीन प्रकरणे भिकार उतरली, हे मला लिहितानाच कळत होते. चौथे जरा बरे झाले. सातवे लिहीत असताना एक म्हातारी दारात येऊन उभी राहिली. ती माझ्या टिपणांत नव्हती, मी तिला बोलावले नव्हते. पण ती आली आणि कादंबरी तिची झाली. टेकडीवर आणि समुद्रकाठी जिची मी सहा वर्षे वाट पाहिली, ती ही बाई बुधवारी रात्री साडेअकराला, डोळ्यांवर झोप असताना आली. मी त्या वेळी टेबलाशी नसतो तर ती कोणाकडे गेली असती?

माझ्यासारख्या लहान माणसाचे उदाहरण सोडून द्या. हरिभाऊ आपटे घ्या. आपल्या पुण्यातलेच. त्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः दिली. मराठी सामाजिक कादंबरी जिच्यापासून आपण मोजतो, ती कृती आठवड्याच्या वायद्याने लिहिली गेली आहे. यमूचे दुःख छापखान्याच्या तगाद्यात लिहिले म्हणून ते तसूभरही उणे झालेले नाही. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या पाल्हाळिक झाल्या, काही अपुऱ्या राहिल्या, हे खरे. वायद्याने लिहिणाऱ्याला ती किंमत मोजावी लागते. पण प्रेरणेची वाट पाहणाऱ्यांच्या न लिहिलेल्या कादंबऱ्याही अपुऱ्याच असतात, एवढेच की त्यांचा हिशोब कोणी ठेवीत नाही.

वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्याला शाळामास्तर म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत तिथे राहिले. पदरी पदवी नव्हती. गाव लहान, शाळा गरीब आणि कामाचा डोंगर. त्या शाळेचा गाडा ओढताना त्यांच्यातला कादंबरीकार घडला. पुढे १९७४ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले, त्याचा पाया त्या धबडग्यात आहे. केशवसुत शाळामास्तरच. मॅट्रिक होता होता १८८९ साल उजाडले, आणि बदल्यांचे नि नोकरीचे हाल सोसत १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले. निवांतपणा हीच काव्याची माता असती, तर आधुनिक मराठी कविता जन्मालाच आली नसती.

यावर हुशार माणूस म्हणेल, साने गुरुजींचे काय? ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. ही प्रेरणा नव्हे तर काय? आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट देतो. तुरुंगात जाण्यापूर्वी गुरुजी अमळनेरला शिक्षक होते आणि छात्रालयाचे काम पाहत होते. तिथल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढीत. दैनिक, बरे का! मासिक नव्हे, दिवाळी अंकही नव्हे. उद्या सकाळी मुले फळ्याजवळ जमणार आहेत, त्यांना काहीतरी वाचायला हवे, एवढीच ती प्रेरणा. त्या पाच दिवसांच्या मागे अशी वर्षे उभी आहेत. आपण धबधबा पाहतो आणि वरच्या अंगाला पडलेला पाऊस विसरतो.

अँथनी ट्रोलप नावाचा इंग्रज कादंबरीकार पोस्टात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसे, समोर घड्याळ ठेवी आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द लिही. अशा रीतीने त्याने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली आत्मचरित्र निघाले, त्यात ही गोष्ट त्याने प्रामाणिकपणे सांगितली होती. झाले! ज्या रसिकांनी त्याच्या कादंबऱ्या डोक्यावर घेतल्या होत्या, त्यांनाच त्या एकाएकी कारकुनी वाटू लागल्या. पुस्तकातले अक्षरही बदलले नव्हते. बदलली होती ती फक्त वाचकाची समजूत. लेखक आपले घड्याळ लपवून का ठेवतात, हे यावरून कळेल. खरे सांगितले तर भाव उतरतो.

बरे, ही समजूत आपल्याकडची तरी आहे काय? प्रेरणा या शब्दात ढकलण्याचा, गती देण्याचा अर्थ आहे. ढकलणारा बाहेरचाही असू शकतो: संपादक, सावकार, घरमालक, शाळेची घंटा. आपल्या काव्यशास्त्राला हे ठाऊक होते. मम्मटाने काव्यासाठी तीन गोष्टी सांगितल्या: जन्मजात शक्ती, लोकव्यवहार व ग्रंथ यांच्या अवलोकनाने आलेली निपुणता, आणि अभ्यास. एवढे सांगून त्याने हेतू हा शब्द मुद्दाम एकवचनात ठेवला. तिन्ही मिळून एकच कारण; एक असले म्हणजे दुसरे नसले तरी चालेल, अशी सवलत त्याने दिलेली नाही. दंडी तर त्याही पुढे जातो. जन्मजात प्रतिभा नसली तरी श्रवणाने आणि यत्नाने उपासना केली तर वाग्देवी काही ना काही कृपा करतेच, असा भरवसा तो देतो. मॅट्रिक झालेल्या मास्तराला यापेक्षा मोठा आधार कोणता हवा?

गवयाची गोष्ट घ्या. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात आपण १९५३ पासून माना डोलावीत आलो आहोत. तिथल्या एकाही गवयाने कधी म्हटले आहे काय, की आज आतून येत नाही म्हणून मी षड्ज लावणार नाही? रियाझ करणाऱ्या गवयाला आपण तपस्वी म्हणतो. रोज लिहिणाऱ्या लेखकाला मात्र पाट्या टाकणारा म्हणतो. हा न्याय कोणत्या कोर्टातला?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हल्ली प्रेरणा विकणारे व्याख्याते झाले आहेत. सभागृह भाड्याने घेतात, टाळ्या वाजवायला लावतात आणि रोज पाचशे शब्द लिहा म्हणजे कादंबरीकार व्हाल, असे सांगतात. त्यांचे माझे गोत्र एक नव्हे. शेतकरी उन्हाळ्यात नांगरट करतो आणि मग रान तापू देतो. त्या दिवसांत शेतात काही उगवत नाही, पण म्हणून कोणी त्याला आळशी म्हणत नाही. लेखकालाही असे तापायचे दिवस हवेत. माझे म्हणणे एवढेच की, आधी नांगरट झालेली असावी. न नांगरता जमीन तशीच ठेवली तर तिला पडीक म्हणतात, मग मालक बांधावर बसून आभाळाकडे किती का पाहीना.

कोणी म्हणेल, लेखकाने आपल्याभोवती थोडे धुके ठेवले तर बिघडले कुठे? बिघडते. कसे ते सांगतो, आणि माझ्या या लेखाचे खरे कारण हेच आहे.

सतरा वर्षांपूर्वी आठवीतली एक मुलगी वही घेऊन चित्रकलेच्या वर्गात माझ्याकडे आली. तिने एक गोष्ट लिहायला घेतली होती आणि ती निम्म्यावर अडली होती. सर कादंबरी लिहितात, तेव्हा सरांना विचारावे, असे तिला वाटले. मी तेव्हा वाट पाहणारा प्रतिभावंत होतो. वही न उघडताच मी तिला म्हणालो, “ओढूनताणून लिहू नकोस. आतून येईल तेव्हा लिही.” ती बरं म्हणाली आणि गेली.

परवा जूनमध्ये ती मला अप्पा बळवंत चौकात भेटली. मुलाची पहिलीची पुस्तके घ्यायला आली होती. वाकून नमस्कार केला. मी सहज विचारले, “काय गं, गोष्टी लिहितेस की नाही?” ती हसली. “नाही सर. तुम्ही म्हणाला होतात ना, आतून आल्याशिवाय लिहायचं नाही म्हणून. मी पुष्कळ दिवस थांबले. नाही आलं काही.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आपल्याला ती देणगी नाही, हे तिने केव्हाच मान्य करून टाकले होते.

त्याच वर्गात, त्याच वर्षी, मी फळ्यावर ‘पावसात शाळा सुटते तेव्हा’ असा विषय लिहून चाळीस मुलांना स्मरणचित्राला बसवीत होतो. एलिमेंटरीच्या परीक्षेत ठरल्या वेळात चित्र पुरे करावे लागते. तिथे कोणी स्फूर्तीची वाट पाहत नाही. चाळीसांतली पाच चित्रे सुरेख येत आणि ती पाच कोणाची असतील हे आधी मलाही सांगता येत नसे. चित्राच्या बाबतीत जे मी रोज डोळ्यांनी पाहत होतो, ते गोष्टीच्या बाबतीत तिला सांगितले नाही. का? तर लेखक म्हणून माझा भाव राहावा. “उद्यापर्यंत पुढची दोन पाने लिहून आण, वाईट असली तरी आण,” एवढेच मला म्हणायचे होते.

बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, चुलीपाशी त्यांनी ओव्या रचल्या; त्यांच्या मागे १९५२ साली त्या छापून आल्या म्हणून आपल्याला ठाऊक. रोजचे दळण त्यांना चुकले नाही आणि ओवीही चुकली नाही. निवांत वेळ आणि आतला आवाज या दोन अटी घातल्या, तर या देशातल्या बहुतेक बायका आणि बहुतेक कष्टकरी साहित्याच्या दाराबाहेरच राहतील. प्रेरणेचा हा सोवळेपणा ज्यांना परवडतो त्यांनी तो खुशाल पाळावा, पण तो इतरांना शिकवू नये.

त्या दिवशी चौकात उभ्या उभ्या मी तिला म्हटले, “चूक माझी होती. त्या गोष्टीचं पुढे काय होतं, आठवतं का?” तिला आठवत होते. सतरा वर्षांनंतरही आठवत होते! मी म्हणालो, “मग नागपंचमीपर्यंत लिहून दे. चांगली नको, पुरी हवी.”

नागपंचमीला काही आले नाही. मुलाला ताप होता, असा निरोप आला. मी राखीपौर्णिमेची तारीख दिली. तेव्हा चार पाने आली. तीन सामान्य आहेत. चौथ्या पानावर एक मुलगी बंद दाराशी कान लावून उभी आहे, आणि आत कोण बोलते आहे हे मला अजून कळलेले नाही. मी तिला दसऱ्याची तारीख दिली आहे.

संपादकमहाशय, आम्हा सरावलेल्या लेखकांना आपण दर आषाढात पत्र धाडता. पुढच्या वर्षी आमच्यातली दोन-चार पत्रे कमी करा आणि ती अशा पत्त्यांवर पाठवा. मजकूर नेहमीचाच असू द्या. गणपतीपूर्वी मिळावे, एवढे लिहिले तरी पुरे.